हँडब्रेकची शपथ

५ जाने., सोमवार

कुसगावात धुकं एवढं की समोरचं हॉटेल दहा वाजता दिसलं. न्हाई दिसलं तरी चाललं असतं. मुंबईची पोरं कानटोप्या घालून गाडीच्या टपावर बसत्यात, फोटू काढत्यात नि थंडी थंडी करत्यात. थंडी तिकडं हाय, माझा धाकटा गेलाय तिकडं.

याकूबचा फोन सकाळीच. श्रीनगर सोडलं. ट्रेलरवर बोगदा खणायच्या मशीनचा मोठा तुकडा हाय, तो सोनमर्गला उतरवायचा. म्हणाला, "अम्मी, हितं नळ सोडला तर पाणी येत न्हाई. नळच गोठलाय."

मी म्हणलं, "ब्रेकच्या हवेच्या टाकीचं पाणी सोडलं का?"

"रोज सोडतो."

"सकाळी बी सोड, संध्याकाळी बी सोड. हवा ओली असली की नळीत पाणी बसतं. आपल्या घाटात त्यानं ब्रेक नुसता मऊ पडतो, तितं नळीच बंद व्हईल."

"तुला काय ठावं काश्मिरातलं?" हसला.

काश्मीर ठावं न्हाई. ब्रेक ठावं हाईत.

त्याची बायको रेश्मा मोबाईलमध्ये तिकडची हवा बघती. उणे नऊ. म्हंजे शून्याच्या बी खाली आकडे असत्यात म्हणे. आमची शाळा चौथीत सुटली, शून्यावरच थांबलो.

६ जाने., मंगळ.

या.चा, म्हंजे याकूबचा, फोन न्हाई. रेश्माला दोन शब्द लिवलेत, फुडं कडा ढासळलाय, गाड्यांची लाइन लागलीय, ट्रेलर वळणावर उभा हाय.

दुकानात एकच टँकर. थोरल्यानं, सत्तारनं, मागचे लायनर बदलले, ब्रेकमधी ड्रमला घासत्यात ते पट्टे. घाट उतरायच्या आधी ब्रेक दाखवायला पूर्वी रांग लागायची आमच्या दारात. आता निम्मे वरच्या रस्त्यानं जात्यात. थांबले तरी चहा पिऊन जात्यात, ब्रेक तसेच.

गुडघा दुखतो. लिवायला गुडघा लागत न्हाई म्हणून लिवते.

७ जाने., बुध.

सकाळी साडेआठला या.चा फोन. ट्रेलर हलत न्हाई. पुढचा घोडा, म्हंजे इंजिनाची गाडी, ओढतो, मागची चाकं फिरतच न्हाईत, बर्फावरनं नांगरासारखी घासत जात्यात. व्हिडिओ धाडला. सत्तार, रेश्मा नि मी, तिघं मोबाईलवर वाकलो. डोक्याला डोकं आपटलं.

मी विचारलं, हवेचा काटा कुटं हाय? म्हणाला, पुरा वर. मग नळी गोठली न्हाई. हवा पोचती, ब्रेक सुटत न्हाई.

विचारलं, काल कसा आलास? म्हणाला, दिवसभर बर्फाच्या चिखलातनं. उतारावर ब्रेक मारत मारत.

आलं ध्यानात. ड्रम तापले, वर चिखलपाणी बसलं, आणि तसाच उभा केला. रात्री ओलं लायनर ड्रमला चिकटून गोठलं. बर्फाच्या कांडीला जीभ चिकटती तसं.

"हँडब्रेक ओढला व्हतास?"

"म्हंजे काय? गाडी थांबली की आधी हँडब्रेक, मग दार. तूच शिकवलंस."

व्हय. मीच. त्याचे अब्बा गाडीखाली गेले तवा हा दहाचा, सत्तार चौदाचा. ड्रायव्हरनं हँडब्रेक ओढला नव्हता, हे सगळ्या कुसगावाला ठावं हाय. चाळिसाव्या दिशी दोघांना कबरस्तानात नेलं, मातीवर हात ठेवायला लावला नि शपथ घातली. आधी हँडब्रेक, मग दार.

मी काय सांगायच्या आधीच सत्तारनं त्याला सांगितलं, उकळतं पाणी वत. मी वराडले तवर तिकडं किटली रिकामी. पाच मिंटात तेच पाणी गोठून चिकटलं ते दुप्पट. सत्तारला म्हणलं, तुझ्या पोटावर वतायला पाहिजे व्हतं, तितं तरी जागा हाय. हसला न्हाई. मी बी न्हाई.

८ जाने., गुरु.

हातोडा. दुसरा विलाज न्हाई. मी सकाळी समजावलं, ड्रमवर मारू नको, बीड लोखंड हाय, थंडीत काचंसारखं तडकंल. लायनर बसतं त्या ब्रेकच्या बुटाच्या कडंवर मार. हलकं, पर सारखं. मग घोडा मागं-फुडं कर. चाक सुटलं की आवाज येतो, सुपारी फुटल्यागत.

दुपारपातुर आठी चाकं सुटली. बोटं काळीनिळी. फोटू धाडला, रेश्मा आत जाऊन रडली. मी म्हणलं, बोटं हाईत ना दहा? मोज.

ट्रेलर दोन किलोमीटर गेला. फुडं परत लाइन. परत उभा, चढावर.

९ जाने., शुक्र.

परत तेच. आठी चाकं गच्च.

फोनवर पहिलंच विचारलं, हँडब्रेक?

"ओढला."



त्याच्या मागं एक काश्मिरी ड्रायव्हर हाय, गुलाम चाचा म्हणतो त्याला. दाढी पांढरी, याच रस्त्यावर जलम गेलेला. त्यानं फोन हातात घेतला. "माजी, हमारे यहाँ ठंड में हँडब्रेक कोई नहीं खींचता. लकड़ी लगाओ, गियर में डालो, सो जाओ. आपका लड़का मानता नहीं. बोलता है अम्मी की कसम है. आप बोल दो उसको."

मी म्हणलं, "चढ पे है ना गाड़ी?"

"चढाई पे है."

"फिर नहीं बोलूँगी."

फोन ठेवला. त्या माणसाला सलाम बी केला न्हाई.

जुम्म्याची नमाज पढून सत्तार आला. पाटावर बसला, म्हणाला, "अम्मी, मौलवींना विचारलं. शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवू घालायचं, झालं. मी घालतो. तू एवढं बोल त्याला."

मी म्हणलं, "शंभराला घाल."

"मग बोलशील?"

"जेवू घाल म्हणलं, बोलते कुटं म्हणलं."

उठून गेला. ताट तसंच.

दुपारी या.नं रेश्माला सांगितलेलं. पोलीस म्हणत्यात, रविवारपासून मोठं बर्फ हाय. शनिवारी ढासळलेलं काढून रविवारी सकाळी लाइन सोडणार. जी गाडी हलणार न्हाई ती यंत्रानं ढकलून कडंला लावणार, मग रस्ता कवा खुलंल ते अल्ला जाणे. गाडी सोडून ये म्हणावं तर तो येणार न्हाई. माल हाय वर. आणि आता म्हणतो, चाकाखाली चिंध्यांचे बोळे पेटवतो, बर्फ वितळवायला. ग्रीस हाय तितं, टायर हाईत. पेटली तर कडंला नुसतं बर्फ, विझवायला पाणी न्हाई.

रेश्मा माझ्याफुडं उभी राह्यली. सासूफुडं आवाज न काढणारी बाई. म्हणाली, "अम्मी, तुमची शपथ हाय का माझा नवरा?"



१० जाने., शनि.

हे हितं बी कधी लिवलं न्हाई. आज तोंडानं बोलून झालंय, आता कागदापास्नं काय लपवायचं.

सकाळी रेश्माचा मोबाईल मागितला. घरात नको म्हणून दुकानात गेले. सत्तार ट्रकच्या खाली व्हता, बूटच तेवढे भाईर. फोन लागंना, रेंज न्हाई. मग ते बटण दाबून बोलायचं असतं, गेलं की त्याला रेंज आली की ऐकू येतं, ते. पहिल्यांदा बोट सटकलं. "याकूब, तुझ्या अब्बाला" एवढंच गेलं. परत दाबलं. या बारीला दोन्ही हातानं धरला.

जे बोलले ते असं.

याकूब. त्या दिशी ड्रायव्हरनं हँडब्रेक ओढला व्हता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तुझे अब्बा मागचे ब्रेक ढिले करत व्हते. ब्रेक ढिले असले की हँडब्रेक म्हंजे नुसती दांडी, ती धरणार काय. गाडी दगडावर उभी व्हती. दगड लावायचं, काढायचं काम माझं. लग्न झाल्यापास्नं माझंच. मी लायनरला रिव्हेट ठोकत बसले व्हते. ऐरण दुसऱ्या गाडीच्या ॲक्सलखाली टेकू दिलेली. ठोकायला सपाट दगड पाहिजे व्हता. मी चाकाखालचा काढला. मनात म्हणलं, हँडब्रेक हाय की.

चार रिव्हेट ठोकले. पाचवा हातात व्हता.

लोकं जमली तवा दगड माझ्याफुडं व्हता, त्याच्यावर लायनर. कुणी बघितलं न्हाई. कुणी तरी म्हणलं, हँडब्रेक ओढला नसंल. कुणी ते मला ठावं न्हाई. मी न्हाई म्हणलं न्हाई. दुसऱ्या दिशी पोलिसांनी मला विचारलं, तवा मी व्हय म्हणलं.

म्हणून सांगते, हँडब्रेक ओढू नको. चाकांना लाकूड लाव, दगड लाव, दोन्ही अंगानं, चारी ठिकाणी. खाली गोणपाट घाल, बर्फावर दगड सरकतो. पहिल्या गिअरात टाक. थांबायच्या आधी थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चाल, म्हंजे लायनर सुकंल. बोळे पेटवू नको. आज चाकं सोडव हातोड्यानं, मग ओढूच नको. शपथ मी घातली ती खोट्यावर घातली व्हती. ती धरून बसू नको.

बोट उचललं. गेलं.

ट्रकखालचा हातोडा कवाच थांबला व्हता. सत्तार भाईर आला न्हाई.  मग आतनंच बोलला.

"म्हंजे टाकव्याच्या नामदेव ड्रायव्हरनं ओढला व्हता."

"व्हय."

"त्याला लोकांनी मारला व्हता, अम्मी."

"ठावं हाय."

"मी बी मारला व्हता. दगड. चौदाचा व्हतो. हितं लागला व्हता त्याला." हात दिसला ट्रकखालनं. कपाळाकडं नेला असंल, मला दिसलं न्हाई.

नामदेव टाकवे बुद्रुकचा. केस झाली, सुटला, पर परत स्टेअरिंग धरलं न्हाई. केसच्या आधी एकदा आमच्या दारात आला व्हता. उंबऱ्याभाईर उभा राहून म्हणला, भाभी, तुमी बघितलं व्हतं ना, मी ओढला व्हता. मी दार लावून घेतलं. ते दार हेच.

सत्तार भाईर आला, हात पुसले, मला वलांडून गेला. घरी रेश्माला काय सांगितलं ठावं न्हाई. तिनं भाकरी आणून ठेवली.  तिखट जरा जास्त व्हतं, खाल्ली.

११ जाने., रवि.

मोबाईलवर दोन निळ्या खुणा. नात, याकूबची पोरगी, म्हणाली, दादी, निळं म्हंजे ऐकलं. सकाळी सातलाच ऐकलंय.

दोन्ही ऐकलेत. ते अर्धवट गेलेलं बी.

दिवसभर फोन न्हाई. तिकडं बर्फ सुरू, रेश्मा दाखवती, सगळं पांढरं. मी दुकानाच्या पायरीवर. एक गिऱ्हाईक आलं, चाची ब्रेक बघा म्हणलं. सत्तारनं बघितले.

असरच्या नमाजाच्या टायमाला, चार-पाचला, गुलाम चाचाचा आवाज आला, रेश्माच्या मोबाईलवर. "भाभी, सुबह हमारी लाइन छूटी. हम सबने हथौड़े से पहिये छुड़ा दिए थे, याकूब की गाड़ी आगे निकल गई. सोनमर्ग पहुँच गया. माल उतर जाएगा. अब बर्फ बहुत है, दो-तीन दिन वहीं रुकना पड़ेगा. माजी को बोलना, लकड़ी लगाई है, हँडब्रेक नहीं खींचा."

रेश्मानं तीनदा लावलं. तिसऱ्यांदा रडली. मी म्हणलं, बर्फात उभी हाय गाडी, घरी न्हाई आली अजून. तर म्हणाली, "तुमी बोला, मला रडू द्या." खरं हाय तिचं.

माजीला बोलना, असं चाचा म्हणला. या. न्हाई म्हणला.

१३ जाने., मंगळ.

या.चा फोन रेश्माला रोज येतो. सोनमर्गलाच हाय. गाडी मोकळी झाली. रोज सकाळी चाकं फिरत्यात.

मी शेजारच्या खोलीत असते. माझं नाव निघत न्हाई.

रेश्मा एकदा म्हणाली, "देऊ का अम्मीला?" तिकडचं ऐकलं. मग, "बरं." फोन दिला न्हाई.

१४ जाने., बुध.

शेजारणीनं तिळगूळ दिला, वर गोड बोलायला सांगितलं. मला. तिची बी हिंमत हाय.

सत्तार सकाळी मोटारसायकल घेऊन गेला, दुकान बंद ठेवून. दुकान बंद असं आमच्याकडं ईदला असतं. दुपारी आला, पायावर धूळ. कुटं गेलतास विचारलं न्हाई. त्यानंच सांगितलं, टाकव्याला.

"हाय का?"

"हाय. म्हशी राखतो. डोळ्यानं कमी दिसतं. नातवंडं हाईत."

"काय बोललास?"

"काय न्हाई. सत्तार म्हणून सांगितलं, बशीत चहा दिला, प्यालो, आलो." मग दाराकडं बघत म्हणाला, "मी माझं बोलू शकलो असतो. दगडाचं. पर तुझ्या आधी कसं बोलू?"

टाकवे लांब न्हाई. एसटी जाती. गुडघ्याचं निमित्त सांगू शकते, पर एसटीत बसूनच जायचंय, गुडघा काय करणार.

जायचं, शनिवारी का सोमवारी.

१६ जाने., शुक्र.

फोन वाजला तवा रेश्मा भाईर कपडे वाळत घालत व्हती. तिचाच वाजला समजून मी हाक मारणार तेवढ्यात नात म्हणाली, "दादी, अब्बानं तुझ्याच फोनवर लावलाय." माझा डबडा फोन, बटणांचा. त्यावर सत्तारशिवाय कोण लावत न्हाई.

घेतला. म्हणलं, "बोल."

तिकडं इंजिन चालू.

म्हणाला, "खाली उतरलो. जम्मूच्या अलीकडं हाय. हितं बर्फ न्हाई, ऊन हाय."

"बरं."

"आता रात्री थांबलो तर हँडब्रेक ओढू का?"

माझ्या तोंडात पटकन आलं, तुला कळत न्हाई का. गिळलं. म्हणलं, "कोरडं असलं तर ओढ. आणि दगड बी लाव. नुसत्या हँडब्रेकवर गाडी सोडू नको कवाच."

"बरं."

त्यानं ठेवला न्हाई. मी बी न्हाई.  मधी कुणाचा तरी हॉर्न. मला वाटलं रेंज गेली, पर इंजिन ऐकू येत व्हतं.

मग म्हणाला, "अम्मी."

"हं."

"त्या टायमाला मी कुटं व्हतो?"

दहाचा व्हता. त्याला आठवत न्हाई. मला आठवतं. तो माझ्या शेजारीच बसला व्हता, रिव्हेट देत व्हता एकेक. दगड काढून आणला तवा म्हणला व्हता, अम्मी, मी उचलू का. मी म्हणलं व्हतं, तुला जड व्हईल.

फोनवर म्हणलं, "घरी ये. सांगते."

"सांगशील?"

"सांगते म्हणलं ना."

ठेवला. जम्मू ते कुसगाव, रिकामा ट्रेलर, पाच-सहा दिवस. रेश्मा ओल्या हातानं आली, काय म्हणाले विचारती. निघालाय म्हणलं.